मुका आठवडा

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. मी स्वतः पंचेचाळीस वर्षं विश्वास न ठेवायचा प्रयत्न करतोय. अजून जमलेलं नाही.

कॉलेजचं नाव तेवढं बदललंय, कारण कॉलेजचे वकील हयात आहेत. बाकी सगळं घडलं तसं.

सन १९७९. बारा नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळचे सात. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या विद्यापीठातलं सेंट वुल्फ्रिक कॉलेज, आणि त्या कॉलेजच्या जेवणाच्या हॉलमधलं डावीकडचं शेवटचं टेबल.

त्या टेबलाशी माझा भाचा बसला होता. कीथ हेब्डन. माझ्या धाकट्या बहिणीचा, डोरीनचा, एकुलता एक. वय बावीस.

त्या आठवड्यात त्यानं मला रोज एक पत्र लिहिलं. म्हणून हे मला ठाऊक.

कीथचा बाप रॉय आमच्या क्रॅगथॉर्प गावात पाव भाजायचा. घरात पुस्तक एकच होतं, आणि ते कपाटाच्या लुळ्या पायाखाली होतं. असल्या घरातून पोरगं शिष्यवृत्ती मिळवून संशोधनाला गेलं. विषय काय, तर सातशे वर्षांपूर्वीच्या पाणचक्क्यांवरून झालेली भांडणं. गावात कुणाला काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांना अभिमान वाटला.

कॉलेजात मात्र पंचाईत होती.

सूप पिताना चमचा आपल्याकडे ओढायचा नसतो, पलीकडे ढकलायचा असतो, हे कीथला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिले दोन दिवस सगळं टेबल बघत होतं. कुणी बोललं नाही. फक्त मीठ जरा जास्तच नम्रपणे पुढे करत होते.

"वडील काय करतात तुझे?" कुणीतरी विचारलं.

"खाद्यव्यवसायात आहेत," कीथ म्हणाला.

त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. त्या टेबलानं आपल्याला आपलं म्हणावं.

त्या टेबलावर कीथला सोडून पदवीच्या पुढचं शिकणारी अकरा जणं बसायची. काळे झगे घालून, बाकांवर, समोरासमोर. टेबलाची प्रमुख होती रोझमंड पेल. संशोधनाचं पाचवं वर्ष. चर्चच्या घंटांवर तिचा प्रबंध चालू होता, आणि घंटेसारखीच ती क्वचित वाजायची, पण वाजली की सगळं गाव ऐकायचं.

रविवारी चहाच्या वेळी तिनं कीथला गाठलं.

"हेब्डन, उद्यापासून तुझा मुका आठवडा."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून तू नाहीस. आमच्यातलं कुणी तुझ्याकडे बघणार नाही, बोलणार नाही, मीठ देणार नाही. तूही आमच्याशी बोलायचं नाही. पुढच्या रविवारी जेवताना मी उभी राहीन आणि नाव पुकारीन. ओ द्यायची. जो ओ देईल तो आपला. मग चमचे वाजवू."

"आणि मध्येच कुणी बोललं तर?"

"बोललास तर आठवडा पुन्हा पहिल्यापासून. टोबीचे तीन झाले होते."

"मला वाटलं, तू विसरतेयस मला," पलीकडून टोबी फॅन्शॉ म्हणाला. हा दुसऱ्या वर्षाचा, गुबगुबीत आणि नेहमी भुकेलेला.

"विसरलेच होते," रोझमंड म्हणाली.

सगळे हसले. कीथही हसला. आपल्याला हसण्यात घेतलं याचा त्याला केवढा आनंद झाला होता, ते पत्रात स्पष्ट दिसतं. ते वाक्य मी आता वाचत नाही.

सोमवार उजाडला.

मंडळी तरबेज होती, यात शंका नाही. नाश्त्याला टोबीनं कीथच्या मांडीवरच दप्तर ठेवलं. जिन्यावर रोझमंड सरळ त्याच्या अंगावर चालत आली, आणि कीथलाच बाजूला उडी मारावी लागली. तिच्या डोळ्याचं पातंसुद्धा लवलं नाही.

कीथला गंमत वाटली. निदान संध्याकाळपर्यंत वाटत होती.

सातला जेवायला तो बाकाच्या टोकाकडे, शेवटून दुसऱ्या जागी जाऊन बसला. टोकाची एक जागा त्या टेबलावर नेहमी मोकळी ठेवायचे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या कॉलेजात ज्याचं कारण कुणाला ठाऊक नसतं, त्याला परंपरा म्हणतात.

वाढप्यानं सूप वाढलं. कीथनं चमचा उचलला.

आणि मग...

त्याच्या डाव्या हाताला, त्या मोकळ्या जागेवर, कुणीतरी बसलेलं होतं.

येताना पाऊल वाजलं नव्हतं. बाक हललं नव्हतं.

पोरगेलासा चेहरा. झगा कीथच्यापेक्षा लांब, आणि कडेला हिरवट पडलेला. ओल आलेल्या भिंतीसारखा वास. समोर ताट, पण रिकामं. वाढपी त्याच्यासमोरून पुढे गेला. टेबलावरच्या एकानंही त्याच्याकडे मान वळवली नाही.

इथे कीथनं चूक केली. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी माणूस घाबरला असता. कीथला मात्र हायसं वाटलं.

त्याला वाटलं, हाही आपल्यासारखाच. याचाही मुका आठवडा चालू आहे.

"तूसुद्धा?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

त्या मुलानं हळूच मान वळवली. बराच वेळ तो कीथकडे नुसता बघत राहिला. तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो तसा.

"मीसुद्धा," तो म्हणाला.

नियम टेबलाशी न बोलण्याचा होता. दोन मुक्यांनी एकमेकांशी बोलू नये, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"माझं राहू दे. तुझं सांग."

कीथनं सांगितलं. पूर्ण.

मंगळवारी तो पुन्हा होता. बुधवारीही. कीथ दिवसभर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागला. दुसरं होतंच कोण? प्रबंधाचा मार्गदर्शक रोमला गेलेला होता. पण मार्गदर्शक नाहीसे होणं हे नेहमीचंच, ते मी या गोष्टीत धरत नाही.

तो मुलगा स्वतःबद्दल अवाक्षर काढायचा नाही. विचारायचा फक्त.

गाव कुठलं? बाप काय करतो?

"पाव भाजतो," कीथ म्हणाला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा खरं बोलला.

पाव भाजताना काय गुणगुणतो? कुत्र्याचं नाव काय? घराचं दार ओढून उघडतं की ढकलून?

बुधवारी कीथला आणखी एक गोष्ट दिसली. त्या मुलाच्या ताटात पावाचा अर्धा तुकडा होता...

कुणी वाढला, ते दिसलं नाही. आणि कीथच्या ताटातला पाव मात्र अर्धाच होता.

गुरुवारी कीथनं त्याला हसवायचं म्हणून आईची नक्कल करून दाखवली. डोरीनची चर्चला जायची टोपी, तिच्यावरची ती मेणाची चेरी, ती घालून पाव्हण्यांसमोर तिचं ते ठसक्यात बोलणं. नक्कल झकास झाली असणार. पोरगं त्यात लहानपणापासून तयार होतं.

तो मुलगा हसला नाही.

"आई तुला हाक काय मारते?" त्यानं विचारलं.

"कीथी," कीथ म्हणाला.

"कीथी," तो मुलगा हळूच म्हणाला. मग पुन्हा एकदा, डोरीनच्या सुरात. "कीथी."

शुक्रवारी खोली झाडणाऱ्या बाई आल्या. मुका आठवडा टेबलावरच्यांचा. या बाईंचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. रोज त्या "काय हा पसारा, राजा!" म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं, खोलीभर नजर फिरवली...

"कुणी नाही वाटतं," असं स्वतःशीच पुटपुटल्या, आणि दार लोटून गेल्या.

कीथ पलंगावर बसलेला होता.

त्याला वाटलं, बाईंनाही फितवलेलं दिसतंय. वा रे रोझमंड!

शनिवारी वाढप्यानं भाजलेल्या मांसाचं भरलेलं ताट त्या मुलापुढे ठेवलं. कीथपुढे काहीच ठेवलं नाही. कीथ उपाशी उठला. पत्रात लिहितो, 'मामा, स्वयंपाकघरसुद्धा सामील आहे. मानलं यांना. आता उद्याचा एक दिवस.'

त्या पत्राचं अक्षर फिकट होतं. शाई संपत आली असेल, असं मला वाटलं.

रविवार, अठरा तारीख.

कीथनं दाढी केली. आरशात गालाची एक बाजू काही केल्या नीट दिसेना. त्यानं आरसा पुसला. मग नाद सोडला.

सातला हॉल भरला. प्रार्थना झाली. सूप आलं, गेलं. टोबीनं चमचा आधीच हातात धरून ठेवला होता.

रोझमंड उभी राहिली.

कीथनं पाठ ताठ केली. सहा आठवडे आणि सात दिवस तो याचीच वाट बघत होता.

"कीथ हेब्डन," ती म्हणाली. "आहेस का?"

कीथनं तोंड उघडलं...

"आहे!"

आवाज कीथचा होता. क्रॅगथॉर्पच्या हेलासकट.

पण कीथ अजून बोललाच नव्हता.

डाव्या बाजूचा मुलगा उभा राहिला होता. झगा काळाभोर, नवाकोरा. गालांवर रंग चढलेला.

अकरा चमचे एकदम टेबलावर आपटले.

"ये रे ये, पाववाल्या!" टोबी ओरडला. "उपाशी मेलास का आठवडाभर?"

"पाववाला कुणी सांगितलं तुला?" तो मुलगा कीथच्या आवाजात म्हणाला.

"आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, गाढवा. 'खाद्यव्यवसायात' म्हणे!"

हशा झाला. त्या मुलाला पाठीवर थापा पडल्या. रोझमंडनं त्याला मीठ दिलं.

कीथही हसला. त्याला वाटलं, ही शेवटची थट्टा असणार. आता सगळे आपल्याकडे वळतील.

तो थांबला.

पुडिंग आलं. पुडिंग संपलं.

"अरे, मी इथे आहे," तो म्हणाला.

मग ओरडला. मग टेबलावर चढला. ताटांवरून, ग्लासांवरून चालत त्या टोकापर्यंत गेला. एकही ग्लास किणकिणला नाही.

रोझमंडनं फक्त शाल ओढून घेतली. "कुठून गार वारं येतंय?" ती म्हणाली.

तो खोलीकडे धावला. खोलीत दिवा लागलेला होता. तो मुलगा कीथच्या खुर्चीत, डोरीननं विणलेला स्वेटर घालून, कीथची टिपणं वाचत बसला होता. त्यानं मान वर केली. साऱ्या कॉलेजात आता तो एकटाच कीथला बघू शकत होता, आणि बघण्यात नरमाई होती.

"एवढं काही वाईट नसतं ते," तो म्हणाला. "बाकाच्या टोकाला जागा असते. आणि दरवर्षी नोव्हेंबरात कुणीतरी नवीन येतंच. फक्त त्यानं आपणहून बोलायला हवं."

"किती वर्षं होतास तू?"

त्यानं जरा आठवून बघितलं.

"आमच्या वेळेला रविवारी कुणी पुकारलंच नाही. साथ आली होती. शनिवारीच सगळे घरी निघून गेले. घाईत राहून गेलं." मग तो पुन्हा टिपणांकडे वळला. "पाणचक्क्या छान आहेत हं."

दुसऱ्या दिवशी कीथ पोस्टात गेला. काउंटरवरच्या बाई त्याच्या आरपार बघून म्हणाल्या, "पुढचं कोण?"

त्यानं तिकीट स्वतःच फाडून घेतलं. टपालपेटीला माणूस दिसावा लागत नाही, एवढं बरं.

ते शेवटचं पत्र मला बुधवारी मिळालं. अक्षर इतकं पुसट, की मला खिडकीशी जावं लागलं.

'मामा, याला उपाय एकच आहे. टोकाला बसायचं आणि पुढच्या पोराशी गोड बोलायचं. ते मी करणार नाही. मी नाताळात घरी येतो. तुम्ही मला नावानं पुकारा. फक्त त्याच्या आधी मला ओ देता आली पाहिजे. आईला सांगू नका, ती घाबरेल.'

मी कॉलेजला फोन लावला. दरवान म्हणाला, "हेब्डन? बोलावतो की." दोन मिनिटांनी आवाज आला.

"मामा? एवढ्यात फोन? आई बरी आहे ना?"

आवाज कीथचाच होता. मला हसू आलं. पोरगं लहानपणापासून नकला करायचं, आता कथा लिहायला लागलं, असं वाटून मी फोन ठेवला. पत्रं मात्र टाकली नाहीत.

नाताळ आला.

भर दुपारी आम्ही डोरीनकडे जेवायला बसलो. रॉय, डोरीन, मी आणि कीथ. सगळ्यांना तो कीथच दिसत होता. मलाही दिसत होता. तोच चेहरा, तेच कान. रॉयबरोबर तो रॉयचंच गाणं गुणगुणला. दार बरोबर ढकलून उघडलं.

पण बटाट्याचं भांडं कुठे असतं, हे त्यानं विचारलं. ज्या काकूंनी त्याला दुसरीपर्यंत सांभाळलं, त्यांचं नाव निघालं तेव्हा तो नुसता हसला.

जेवढं त्या आठवड्यात सांगितलं गेलं, तेवढं त्याला सगळं ठाऊक होतं. त्यापलीकडचं काही नाही.

आणि कुत्रं सगळा वेळ भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीखाली पडून होतं. शेपूट हलवत...

माझ्या हातातला काटा ताटावर पडला.

ती खुर्ची हळूच पुढे सरकली. टेबलाच्या दिशेनं. एक वीतभर.

रॉयनं सॉस मागितला.

मी उभा राहिलो. खुर्चीकडे तोंड केलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "कीथ हेब्डन! आहेस का?"

"आहे की, मामा," तोंडातला घास न गिळताच तो म्हणाला. "समोर तर बसलोय."

तो मला डोळे मिचकावून हसला. त्याला सगळं ठाऊक होतं.

खुर्चीजवळ कुणीतरी श्वास आत घेतल्यासारखा आवाज झाला. उशीर झालेल्या माणसाचा.

मी पुन्हा तोंड उघडणार, एवढ्यात डोरीननं माझं मनगट धरलं.

"दादा, जरा आत ये. पुडिंग उचलू लाग."

स्वयंपाकघरात तिनं दार लावून घेतलं.

"पुन्हा हाक मारू नकोस."

"डोरीन, तुला कल्पना नाही, तो मुलगा..."

"मी आई आहे, दादा. तो दारातून आत आला तेव्हाच कळलं मला."

मी दाराला पाठ लावली.

"सहा आठवडे झाले होते जाऊन," ती म्हणाली. "मला एक ओळ नाही. तुला पत्रं, मला नाही. माझ्या टोपीची नक्कल केली त्यानं तिथे, लोकांसमोर. यानं सांगितलं मला. सांगून त्याच्या वतीनं माफी मागितली." तिनं पुडिंगवरचं फडकं काढलं. "हा दर रविवारी फोन करतो. माझा गुडघा कसा आहे विचारतो. आल्या आल्या भांडी घासली यानं."

"आणि रॉय?"

"रॉयला काही कळलेलं नाही. रॉयला वीस वर्षांत काय कळलंय?"

"डोरीन, तुझं पोरगं बाहेर त्या खुर्चीत बसलंय."

तिनं बशा मोजल्या. चार.

"आम्ही त्या लोकांना दिसू नये असंच वाटायचं ना त्याला?" ती म्हणाली. "आता बघू दे, न दिसणं काय असतं ते."

ती पुडिंग घेऊन बाहेर गेली. त्या खुर्चीला वळसा घालून गेली, कोपरही लागू न देता. चौघांना वाढलं. खुर्चीकडे तिनं पाहिलं नाही.

मीही पाहिलं नाही. पुडिंग खाल्लं.

त्याला डॉक्टरेट मिळाली. पुढे प्राध्यापक झाला, पाणचक्क्यांवर चार ग्रंथ लिहिले. आता त्याचे केस पांढरे झालेत. डोरीन सत्त्याऐंशीची आहे. तो तिचा हात धरून तिला चर्चला नेतो. सगळं क्रॅगथॉर्प म्हणतं, मुलगा असावा तर असा.

रॉय गेला. टेबल तेच आहे.

दर नाताळला ती खुर्ची वीतभर पुढे सरकते. अलीकडे आवाज जरा जड येतो, गुडघे दुखणाऱ्या माणसानं ओढावी तसा. आम्ही सॉस मागतो.

हाक मारायचं दरवर्षी मनात येतं. पत्रं खिशात घेऊन जातो. तोंडही उघडतो.

पण समजा, या वेळी दोघांनी एकदमच ओ दिली...

डोरीन कुणाकडे बघेल, ते मला ठाऊक आहे. आणि ते खुर्चीतल्यालाही दिसेल.